टाकीचं हिरवं झाकण

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. गॅरेजवाल्या मिस्त्रींचं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटीवर इतकी वर्षं धूर बसलाय की आता तिथे फक्त एक वेलांटी शिल्लक आहे. वेलांटीला हाक कशी मारणार? म्हणून सगळे त्यांना जराथांबा मिस्त्री म्हणतात.

गाडी कुठलीही असो, मालक कितीही घाईत असो, मिस्त्रींचा पहिला शब्द एकच. "जरा थांबा." मग ते डोळे मिटतात, मान किंचित डावीकडे कलती करतात आणि चालू इंजिन असं ऐकतात की कुणाला वाटावं, मैफल रंगात आलीय. एकदा आगीचा बंब घंटा वाजवत गॅरेजात शिरला होता. त्यालाही म्हणाले, "जरा थांबा." आग नशिबानं लहान होती.

पण कान असा, की बेकरीवाल्याची व्हॅन तीन गॅरेजं फिरून आली होती. कुणी म्हणालं गिअरबॉक्स गेला, कुणी म्हणालं बेअरिंग. मिस्त्रींनी पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "गाडी ठणठणीत आहे. मागच्या ट्रेखाली चमचा पडलाय." चमचा निघाला. बेकरीवाला तो चमचा आजही गल्ल्यावर ठेवतो आणि गिऱ्हाइकांना दाखवतो.

ऐकून झालं की प्रश्न. तेही ठरलेले, डॉक्टरांसारखे. "कधीपासून? गार असताना की तापल्यावर? चढावर की उतारावर? रिकामी असताना की भरलेली?" मालकानं उत्तरं दिली की मागच्या काळ्या भिंतीवर खडूनं एक ओळ लिहायची. 'पांढरी व्हॅन, खडखड.' 'शाळेची बस, चढावर दम.' गाडी बरी झाली की ती ओळ मालकाच्या देखत तळव्यानं पुसायची. ती भिंत म्हणजे मिस्त्रींची अब्रू. आठ दिवसांपेक्षा जास्त तिथे कुणाचंच काही टिकलं नव्हतं. गॅरेजात रोग सापडला नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे मालकाच्या शेजारी बसून मालकाच्या रोजच्या वाटेवर जायचं. "रोग गाडीत असतो," ते सांगायचे, "पण भेटतो वाटेवर."

मी गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत राहतो. म्हणून मिस्त्री मला 'वरचे' म्हणतात. "अहो वरचे, ऐकताय ना?" असं ते छताकडे बघून ओरडतात, तेव्हा नव्या माणसाला वाटतं, मिस्त्री फार पोचलेले दिसतात.

गॅरेजच्या मागे त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये भिंतीत एक लहान खिडकी आहे, ताट सरकवता येईल एवढी. वहिनी होत्या तेव्हा त्या खिडकीतून चहा यायचा आणि चहाबरोबर मत. "तो दूधवाला आलाय ना? त्याचा सायलेन्सर फुटलाय, मला इथे डाळ शिजवताना कळलं." मिस्त्री म्हणायचे, "तू डाळ बघ." मग गाडीखाली जायचे आणि बाहेर येऊन हळूच सायलेन्सर काढायला घ्यायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं, एक खिडकी आणि दारात दोन लोखंडी खुर्च्या.

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. खिडकी मिस्त्रींनी बंद केली नाही. एखाद्या गाडीचा रोग सापडला की ते आजही आधी त्या खिडकीकडे बघतात, मग मालकाकडे. स्वयंपाक दोघांचा करतात आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खातात. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, लहान भांडं घ्या की." तर म्हणाले, "नको हो वरचे. मोठ्याला वाईट वाटेल." मी हसलो. ते हसले नाहीत. मग मला माझं हसणं कुठे ठेवावं कळेना.

वहिनींना एक धाकटा भाऊ. गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला त्यांच्या वडिलांचं घर आहे, तिथे तो रोपवाटिका चालवतो. बहीण होती तोवर हे मेहुणे महिन्यातून दोनदा यायचे, येताना काहीतरी कुंडीत घालून आणायचे आणि ग्रीसच्या डब्यांमध्ये ते मरून जायचं. वहिनी गेल्या आणि मेहुण्यांचं येणं तुटलं. का तुटलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गल्लीनं नेहमीप्रमाणे चार कारणं शोधली आणि चारही चुकीची शोधली.

आणि या हिवाळ्यात, एका गुरुवारी दुपारी चार वाजता, एक जुनी पिकअप गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. नखशिखांत हिरवी. रंग घरी लावलेला होता, हे तिसऱ्या मजल्यावरूनही कळलं असतं. ब्रशाचे केससुद्धा रंगात अडकून राहिले होते. तीतून मेहुणे उतरले.

"भाऊजी," ते म्हणाले.

"या, मेहुणे."

एकाच्या नखांत माती, दुसऱ्याच्या नखांत ग्रीस. हात मिळवले असते तर साबणवाल्याचं भलं झालं असतं. पण दोघांनी आपापले हात आपापल्या खिशात ठेवले.

"गाडीला काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिसिंग करते. गचके खाते नि मरते. सगळ्यांना दाखवून झालं." हे 'सगळ्यांना' त्यांनी जरा जोर देऊन म्हटलं. म्हणजे, तुमच्याकडे शेवटी आलोय, हे लक्षात असू द्या.

"जरा थांबा," मिस्त्री म्हणाले आणि डोळे मिटले.

त्या शब्दासरशी मेहुण्यांचा चेहरा आवळला गेला. मला तो वरून दिसला, मिस्त्रींना दिसला नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

इंजिन मात्र गुणी बाळासारखं चालत होतं.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"गार असताना की तापल्यावर?"

"अर्धा तास चालली की. डोंगर उतरून सपाटीला लागलो की नखरे सुरू. मग कडेला घेतो, दहा मिनिटं बसतो. परत चालते, परत गचके. कशीबशी इथवर येते."

"पण आता तर नीट आहे."

"तेच तर! तुमच्या दारात आली की माहेरी आलेल्या पोरीसारखी खूश."

माहेर हा शब्द दोघांच्या मधे पडून राहिला. उचलायला कुणीच वाकलं नाही. मिस्त्रींनी खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं, 'हिरवी पिकअप. मिसिंग.' त्या दिवशी त्यांनी प्लग काढून साफ केले. मेहुणे खुर्चीवर न बसता उभे राहिले आणि गेले.

पुढच्या गुरुवारी परत आले. गुरुवारी ते गावातल्या दुकानांना रोपं पोचवतात. तोच त्यांचा इकडे येण्याचा दिवस. त्या दिवशी मिस्त्रींनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. तिसऱ्या गुरुवारी कार्बोरेटर उघडून प्रत्येक भोक फुंकून काढलं. चौथ्या गुरुवारी कॉइल. दर वेळी पिकअप दारात येईपर्यंत शहाणी झालेली असायची आणि परत जाताना वाटेत, मेहुण्यांच्या शब्दांत, 'पुन्हा अंगात यायचं'.

पण एवढं सगळं उघडताना वेळ लागतो, आणि माणूस किती वेळ उभा राहणार? तिसऱ्या गुरुवारी मेहुणे खुर्चीवर बसले. चौथ्या गुरुवारी चहा घेतला. पाचव्या गुरुवारी साखर कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा मी ओळखलं, गाडी रुळावर येतेय. म्हणजे ती नव्हे, दुसरी.

"भाऊजी, तुमच्यानं काही हे व्हायचं नाही," मेहुणे म्हणायचे. "ताई म्हणायचीच, यांना गाडीचा आवाज कळतो, माणसाचा नाही."

"तुमची ताई बरंच काही म्हणायची. तुमच्याबद्दल काय म्हणायची, सांगू?"

"सांगा की."

"म्हणायची, आमचा धाकटा झाडांशीच बोलतो, कारण झाड उलटून बोलत नाही."

"खोटं! असं ती तुमच्याबद्दल म्हणायची. झाडाच्या जागी इंजिन होतं."

मग दोघं हसायचे, आणि हसू संपल्यावर दोघं त्या खिडकीकडे बघायचे. मी वरच्या खोलीत बसून सगळं ऐकायचो. ऐकू नये असं वाटायचं, पण आमच्या मधली लादी पातळ आहे आणि माझी इच्छाशक्तीही.

गुरुवारी मिस्त्री दुपारीच आंघोळ करू लागले. खुर्च्या पुसू लागले. बुधवारी दूधवाल्याला सांगू लागले, "उद्या जरा जास्त." भिंतीवरच्या बाकी ओळी येत होत्या, पुसल्या जात होत्या. 'हिरवी पिकअप. मिसिंग.' मात्र अकरा आठवडे तशीच. येणारे-जाणारे बघायचे. "मिस्त्री, हे काय? म्हातारे झालात?" बेकरीवाल्यानं विचारलं. तोही चमचा विसरला.

मला एकच गोष्ट खटकत होती. मिस्त्री आपल्या शेवटच्या उपायाकडे वळत नव्हते. मेहुण्यांच्या शेजारी बसून त्यांच्या वाटेवर जायला काय हरकत होती? मी विचारलं, तर म्हणाले, "ती वाट तिच्या घराकडे जाते हो, वरचे."

अकराव्या गुरुवारी मेहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, मुलगा बोलावतोय. म्हणतो, बाबा, विका ती गाडी, बंद करा ते सगळं, या इकडे." मुलगा दोन दिवसांच्या आगगाडीइतका लांब राहतो. "मलाही वाटतं, त्याचं खरं आहे. रोपं गाडीच्या भरवशावर, आणि गाडीचाच भरवसा नाही. मागच्या आठवड्यात रेल्वेच्या फाटकापाशी मेली. महिनाअखेर काय ते ठरवून टाकतो."

मिस्त्री उठले. मग अंगातला ओव्हरऑल काढून खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि म्हणाले, "चला. मी येतो बरोबर."

पुढचं मला त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून माहीत आहे. गाव मागे पडलं, शेतं लागली, आणि अर्ध्या तासानं, डोंगराच्या पहिल्या चढाला, पिकअपला उचकी लागली. एक, दोन, मग लागोपाठ. मेहुण्यांनी गाडी कडेला घेतली. "बघा! बघा आता! ऐका!" ते आनंदानं ओरडले. रोग पाहुण्यांसमोर प्रकट झाला की घरच्यांना असाच आनंद होतो. ते उतरून बॉनेट उघडायला पुढे गेले.

मिस्त्री ऐकत होते. ठिणगी होती. ठिणगी नसली की इंजिन फटकन मरतं. हे तसं नव्हतं. हे तहानलेलं मरण होतं. पेट्रोल येत नव्हतं. फिल्टर नवा, पंप धड, नळी साफ, मग का येत नव्हतं? ते उतरून मागे गेले आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवला. झाकण हिरवं होतं. त्यांनी ते फिरवलं.

फुस्स.

बाटलीचं बूच निघावं तसा टाकीनं आत श्वास ओढून घेतला.

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. मेहुण्यांनी थंडीच्या तोंडावर हौसेनं गाडी रंगवली, तेव्हा मोठ्या निगुतीनं झाकणही रंगवलं होतं, दोन हात देऊन. भोक बुजलं. हवा आत येईना, टाकी आतून आवळत जाई आणि अर्ध्या तासानं इंजिनाच्या तोंडचं पेट्रोल पळवी.

मग दारात आल्यावर शहाणी कशी? टाकी जवळपास भरलेली बघून मिस्त्रींना तेही तिथेच उमगलं. मेहुण्यांच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची तर टाकी भरून द्यायची. मिस्त्री बिचारा गाडी फिरवून बघणार, तर काय आपल्या पदरचं पेट्रोल घालणार? म्हणून मेहुणे दर गुरुवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंपावर थांबत, झाकण उघडत, टाकी भरत आणि मग गॅरेजात येत. म्हणजे रोग पंपावरच ठेवून येत. हे मिस्त्रींनी विचारलं नव्हतं आणि मेहुण्यांनी सांगितलं नव्हतं. सभ्यपणा कुणी तक्रार म्हणून सांगतं का? रंगाचंही तसंच. रंग काय, आजार थोडाच आहे?

पुढे बॉनेटमध्ये डोकं घालून मेहुणे ओरडले, "भाऊजी, सापडलं का काही?"

मिस्त्रींनी झाकण परत बसवलं. घट्ट.

"जरा थांबा," ते म्हणाले.

आयुष्यात हजारदा म्हटलेला शब्द, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा खोटा होता. ते डोंगर चढून घरापर्यंत गेलेच नाहीत. "गॅरेजात नेऊन बघू," असं सांगून परत वळायला लावलं.

आता यात बिचाऱ्याचा हिशेब कसा, तो बघा. गाडी बरी केली, तर मेहुणे इथेच राहतील, पण गॅरेजात कशाला येतील? बरी नाही केली, तर महिनाअखेरपर्यंत गुरुवार आहेत, आणि मग ते कायमचे जातील. शहाणा माणूस पहिलं निवडेल. पण एकट्या माणसाला पुढची दहा वर्षं दिसत नाहीत. त्याला पुढचा गुरुवार दिसतो.

त्या आठवड्यात मिस्त्री एकदम उतरले. शनिवारी मला खाली बोलावलं.

"वरचे, एक विचारू? रोग्याचं औषध हातात आहे, पण बरा झाला की तो यायचा नाही म्हणून द्यायचं नाही, अशाला काय म्हणतात?"

"मोठा डॉक्टर म्हणतात," मी म्हटलं.

माझी ही सवय वाईट आहे. समोरच्याच्या घशात काटा अडकलेला असतो आणि मी विनोद करतो. मिस्त्री खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी मला झाकणाचं सांगितलं, आणि भिंतीवरच्या त्या ओळीकडे बोट करून म्हणाले, "ही आता खोटी आहे. अख्ख्या भिंतीवर ही एक ओळ खोटी आहे."

"मग पुसून टाका की."

"मालकाच्या देखत पुसायची असते."

गुरुवार आला. चार वाजले. पिकअप आली, पण आज मेहुण्यांबरोबर आणखी एक जण होता. जुन्या गाड्या घेणारा. हे लोक ओळखू येतात. उतरल्या उतरल्या त्यानं मागच्या टायरला लाथ मारली आणि तोंड वाकडं केलं. टायरला लाथ मारून काय कळतं, हे मला कधी समजलं नाही, पण ती सगळे मारतात.

"महिनाअखेरपर्यंत थांबून काय करू, भाऊजी?" मेहुणे म्हणाले. "म्हटलं, आजच तुमच्यासमोर सौदा होऊ दे. तुम्ही सांगा यांना, हिला काय झालंय ते."

मिस्त्री आत गेले. वहिनींचा शिवणकामाचा डबा आजही स्वयंपाकघरात फडताळावर आहे. त्यातली एक सुई घेऊन ते बाहेर आले. टाकीचं झाकण काढलं, उजेडाकडे धरलं आणि सुई टोचली. रंगाची एक हिरवी टिकली खाली पडली. पाच मिनिटांचं काम नव्हतंच ते. पाच सेकंदांचं होतं.

"हिला काही झालेलं नाही," ते त्या गाडीवाल्याला म्हणाले. "वीस वर्षं चालेल. तुम्ही निघा."

मग मेहुण्यांना सगळं समजावून सांगितलं, पंपासकट. मेहुणे आधी हसले. "म्हणजे मीच! माझाच ब्रश नि माझंच पेट्रोल! भाऊजी, मानलं तुम्हाला. आज कसं सुचलं?"

इथे मिस्त्री गप्प बसले असते, तर ही गोष्ट इथेच छान संपली असती.

"आज नाही," ते म्हणाले. "गेल्या गुरुवारी. चढावर. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

मिस्त्री झाकण परत टाकीला बसवू लागले.

"मी गाडी विकायला निघालो होतो, भाऊजी. घर बंद करायला निघालो होतो. विचारलं तर काय म्हणालात मला?"

"जरा थांबा म्हणालो."

"हां. जरा थांबा." मेहुण्यांचा आवाज एकदम खाली आला. लादी पातळ असूनही मला कान द्यावा लागला. "तेव्हाही हेच म्हणाला होतात. मी फोन केला, दवाखान्यात येऊ का, ताईला बघायला येऊ का. तुम्ही म्हणालात, घाई नको, जरा थांबा, उद्या या. आणि संध्याकाळी ती गेली. मी थांबलो, भाऊजी. तुमच्या शब्दावर थांबलो."

सहा वर्षांपूर्वीचं कारण हे होतं.

"मी तिचा श्वास ऐकला होता," मिस्त्री म्हणाले. "कान लावून ऐकला होता. मला वाटलं, नीट चाललाय."

मेहुणे गाडीत बसले. इंजिन पहिल्या हाकेला चालू झालं आणि एकदाही न अडखळता गल्लीच्या बाहेर गेलं. चहा खिडकीत ठेवलेला होता, दोन कप. भिंतीवरची ओळ तशीच राहिली. ज्याच्या देखत पुसायची, तो निघून गेला होता.

पुढच्या गुरुवारी मिस्त्रींनी खुर्च्या पुसल्या. चार वाजले, पाच वाजले. गल्लीत एखादी गाडी वळली की त्यांची मान डावीकडे कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. न बघताच त्यांना कळत होतं, ही ती नाही. चांगल्या कानाचा हा एक तोटा. दुसऱ्या कुणाला निदान गाडी समोर येईपर्यंत तरी आशा असते. मी खाली जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसलो. ते म्हणाले, "बसा हो, बसा," आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हाला वर काही काम असेल ना?" मी उठलो. खुर्ची माझी नव्हती.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी गॅरेजचं शटर खाली होतं. वहिनी गेल्या तो दिवस सोडला, तर कामाच्या दिवशी ते खाली गेलेलं मी पाहिलं नव्हतं. बेकरीवाला धावत आला. "वरचे, खाली काय झालं?" शेवटी बसथांब्याजवळच्या पेपरवाल्यानं सांगितलं, की मिस्त्री सकाळच्या पहिल्या बसनं गेले. शर्ट इस्त्रीचा होता. बस यायला वेळ होता तर दर मिनिटाला रस्त्यावर उतरून बघत होते. जराथांबा मिस्त्री, आणि बसची वाट बघवेना!

दुपार कलताना पिकअपचा आवाज आला. मलाही आता ओळखता येतो. मी खिडकीत गेलो. मिस्त्री उतरले, हातात एक कुंडी. मेहुणे उतरले नाहीत.

"चहा?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको. उजेड आहे तोवर जातो."

"बरं."

मग मिस्त्रींनी शटर वर केलं, आतल्या भिंतीकडे बोट केलं आणि मेहुण्यांकडे बघितलं. मेहुण्यांनी गाडीतूनच मान हलवली. मिस्त्रींनी तळव्यानं ओळ पुसली. पिकअप गेली.

मी खाली गेलो. "काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, चुकलं. दोन्ही वेळा."

"मग ते?"

"काही नाही. पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला."

"मग?"

"मग काय? सगळे वाफे भिजवले." त्यांनी कुंडी दुसऱ्या हातात घेतली. "तिची खोली आहे तशीच ठेवलीय हो त्यानं. खिडकीला तोच पडदा."

कुंडी कुठे ठेवावी हे त्यांना समजेना. बाकावर पाने-हातोडे होते, खाली तेल. शेवटी त्यांनी ती दुसऱ्या लोखंडी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः शेजारी बसले. चार-पाच पानांचं रोप. दोघं रस्त्याकडे तोंड करून बसलेले. ते बघून मला हसूही येईना आणि वर जायलाही जमेना.

"याला ऊन किती लागतं?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय माहीत? त्यांना विचारलं नाहीत?"

"राहिलं."

"मग फोन करा की आता."

"जरा थां..." त्यांच्या तोंडून निघालं, आणि मधेच अडलं. त्यांनी तळव्यावरचा खडू झटकला, आत गेले, आणि खिडकीतून मला फोनच्या आकड्यांची टकटक ऐकू आली. मेहुणे अजून गाडीत, वाटेवर असणार. घरी कुणी उचलणार नव्हतं. हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते रिसीव्हर कानाला लावून, मान डावीकडे कलती करून, पलीकडे वाजणारी घंटा ऐकत उभे राहिले.